अडलं, तरी

आवाज इतका बारीक होता की खोलीत दुसरं कुणी असतं तर त्याला ऐकूही आला नसता. वाळलेल्या पानावर चुकून पाऊल पडावं, एवढाच. पण तो त्याच्या तळव्याखाली झाला होता, आणि कानाच्या आधी तळव्याला कळला होता. बाहेर जिन्यात बायकोच्या चपला वर येत होत्या. मग दाराशी पिशवी टेकली, मग किल्ल्यांचा जुडगा वाजला. त्यानं लॅपटॉपचं झाकण बोटभर उचललं, आतून आपली पेन्सिल ओढून काढून शर्टाच्या खिशात टाकली, झाकण पुन्हा खाली टेकवलं, आणि ती आत आली तेव्हा तो खिडकीशी उभा होता. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. "अहो, दार उघडायला काय होतं? दोन्ही हात अडकलेत माझे," ती म्हणाली. "ऐकू नाही आलं," तो म्हणाला. इतकं सहज आलं ते तोंडातून. पुढची खोटी याच्याच मागे रांग लावून उभी असतील हे त्याच्या मनातही आलं नाही.

झाकण मिटताना अडलं होतं. हे त्याला पुष्कळ नंतर स्वतःशी कबूल करावं लागलं. त्या घटकेला त्यानं ते मनापर्यंत पोचू दिलं नाही. मिटणारी कुठलीही वस्तू मधे काही आलं की 'नाही' म्हणते. खच्चून भरलेली बॅग म्हणते, फुगलेला ड्रॉवर म्हणतो. माणूस हात थांबवतो, काय आडवं आलं ते बघतो. त्यानं थांबवला नव्हता. सवयीवर ढकलता आलं असतं, आणि पहिले काही दिवस त्यानं ते ढकललंही. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. हातात पेन्सिल असल्याशिवाय त्याला वर्तमानपत्रसुद्धा वाचता येत नसे, आणि उठायची वेळ आली की जिथवर वाचलं तिथे पेन्सिल ठेवून पान मिटायचं, हे हाताला इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायची गरजच नव्हती. पुस्तक बिचारं पेन्सिल पोटात घेतं, जरा फुगतं आणि गप्प पडून राहतं. घरात जिकडेतिकडे अशी फुगलेली पुस्तकं असत. बायको आवरताना म्हणायची, "ही पोटुशी कधीची आहे? दिवस भरले असतील तर मोकळी करा बिचारीला." तेव्हा हात आपला आपण वागला, पुस्तक समजून लॅपटॉप मिटला, एवढंच. पण पुस्तक मिटताना कुणी तळवा टेकून भार देत नाही. अडलं, तरी दाबलं होतं. अडल्यावरच जास्त दाबलं होतं. आणि का, तेही त्याला माहीत होतं. ते माहीत असणं मात्र तो दाढेखाली आलेल्या खड्यासारखं जिभेनं या गालातून त्या गालात फिरवत राहिला.

लॅपटॉप मुलीचा जुना. तिनं नवा घेतला तेव्हा आईला देऊन टाकला, आणि इस्पितळातून निवृत्त झालेल्या त्याच्या बायकोनं, जिनं जन्मभर तापाच्या तक्त्यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं, दुपारची भांडी झाली की जेवणाच्या टेबलाशी बसून दोन बोटांनी टकटक करायला सुरुवात केली. "काय लिहितेस?" त्यानं एकदा विचारलं होतं. "असंच. अक्काचं." त्यानं पुढे विचारलं नाही. ती लिहील, अडखळेल, मग आपल्याकडेच आणेल, अशी त्याची खात्री होती. आणेल तेव्हा आपण फार काही न बोलता, हलक्या हातानं नीट करून देऊ. त्यासाठी, हे आठवलं की आता त्याचे कान तापत, त्यानं एका नव्या पेन्सिलीला टोकही काढून ठेवलं होतं. ती आणत नव्हती. महिने गेले. आणि त्या दुपारी ती औषधं आणायला खाली गेली, झाकण उघडं राहिलं, आणि तो जाता जाता नुसता बघायचं म्हणून थांबला. मग बटणांवर ठेवलेला तिचा वाचायचा चष्मा उचलून बाजूला ठेवला आणि तिच्या खुर्चीत बसला.

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. शेवटची वर्षं त्यांच्याकडेच होती, मागच्या खोलीत. आधी तिला वस्तूंची नावं आठवेनाशी झाली, मग वस्तू कशासाठी असतात ते, आणि शेवटी ही आपली धाकटी बहीण हेही. बायकोनं ते लिहिलं होतं, पण कुठेही रडली नव्हती. रोज अंथरुणावर चादर घालताना आधी मी सगळीकडून हात फिरवून बघे, असं होतं त्यात, कारण अक्का बटणं, चमचे, बाटल्यांची बुचं काहीबाही गादीत लपवी आणि मग तेच तिला रात्रभर टोचे. खिडकीला पडदा नव्हता, म्हणून सकाळचं ऊन आधी अक्काच्या पायांवर येई आणि ती ते पाय कुणाचे म्हणून विचारी. तो वाचत गेला. पेन्सिल हातात होती, तिचं टोक काचेपासून बोटभर अंतरावर ओळींवरून सरकत होतं आणि त्याला टेकायला कुठे जागा मिळत नव्हती. चांगलं होतं. नुसतं बरं नव्हे, चांगलं होतं. ज्या चांगल्यासाठी त्यानं दुसऱ्यांच्या पुस्तकांत आयुष्य घालवलं आणि स्वतःच्या नावावर एक पान जमवलं नाही, त्यातलं. मग पुढल्या परिच्छेदात तो स्वतःच आला. 'हे पेन्सिल कानावर ठेवून दाराशी उभे राहायचे. मी काही सांगितलं की ऐकून घ्यायचे. माझ्या वाक्यात चूक सापडली नाही की यांना बोलायला काही सापडायचं नाही.' एवढंच. राग नाही, तक्रार नाही. तापाच्या तक्त्यावर आकडा लिहावा तसं. त्याच वेळी जिन्यात चपला वाजल्या.

संध्याकाळी तिनं झाकण उघडलं आणि "अगं बाई" म्हणाली. खालच्या कोपऱ्यापाशी शाई सांडावी तसा काळा डाग पसरला होता, तिथून केसासारख्या भेगा वर गेल्या होत्या, आणि बाकी पडदाभर निळ्या-जांभळ्या उभ्या रेघा थरथरत होत्या. डावीकडे तीन बोटांची पट्टी तेवढी शाबूत होती. तिनं टेबलावर नजर फिरवली. चष्मा लॅपटॉपच्या बाजूला पडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू खाली बसत गेलं. "चष्मा मी नेहमी बटणांवर ठेवून उठते," ती म्हणाली. "आत ठेवून मिटलं असणार मी. मग काढून बाजूला ठेवला असेल. बघा ना, मला ते आठवतसुद्धा नाही." आता, असं त्याला वाटलं. आता बोलायचं. जीभ टाळूपर्यंत उचललीही गेली. "असेल," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या धंद्यातला होता. मजकुरात शंका आली तर मुद्रितशोधकानं हो म्हणायचं नसतं, नाही म्हणायचं नसतं. समासात एक प्रश्नचिन्ह करायचं आणि पान लेखकाकडे धाडायचं. ठरवेल तो. पुढचे कित्येक दिवस त्यानं तिच्या समासात असं प्रश्नचिन्ह करून ठेवलं, आणि ती आपल्या हातानं त्याचं उत्तर लिहीत गेली.

"अक्काचं असंच सुरू झालं होतं," दुसऱ्या दिवशी कांदा चिरता चिरता ती म्हणाली, त्याला नव्हे, कांद्याला. "घड्याळ पिठाच्या डब्यात ठेवलं आणि चोर आला म्हणाली." मग ती गॅस बंद करून पुन्हा जाऊन बघू लागली. कुलूप लावल्यावर दोन जिने उतरून परत चढू लागली. बोलताना एखादं नाव पटकन आलं नाही, जे त्यालाही आठवत नसे, कुणालाच आठवत नसे, की ती मधेच गप्प होई आणि डोळे मिटून ते नाव शोधत उभी राही. लिहायला बसली तेव्हा त्या तीन बोटांच्या पट्टीत मान वाकडी करून, एकेक शब्द सरकवत तिनं थोडा वेळ प्रयत्न केला. मग झाकण मिटून वर एक रुमाल घातला. मुलीचा फोन आला तेव्हा तिनं तो टेबलावर ठेवून दोघांना ऐकू येईल असा लावला. "आई, चष्म्याचं सँडविच केलंस म्हणे!" मुलगी हसत होती. "बाबा, तुम्ही सांभाळून बसा हं, तुम्हाला मिटायची एखाद दिवशी." बायको हसली नाही. "मला त्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दे," ती म्हणाली. पलीकडचं हसू थांबलं. "आई, अगं गंमत केली मी." "मी नाही करत आहे. पुढच्या आठवड्यातली घे." तो समोर बसून कपातली चहाची साय चमच्यानं काठाला लावत होता. खिशातली पेन्सिल त्याला बरगडीला लागत होती. ती त्यानं काढून ठेवली नव्हती. का, ते सांगता आलं नसतं.

दुरुस्तीच्या दुकानात तो एकटाच गेला. दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या फटीत बसवलेलं कपाट. काऊंटरपलीकडे उघडी पोटं घेऊन पडलेली यंत्रं, आणि त्यांत मान घालून बसलेला जाडसर दुकानदार. त्यानं झाकण उघडलं, जीभ टाळ्यावर आपटून 'च्यक' केलं. "आत काहीतरी ठेवून मिटलंय, काका. लांबट काहीतरी." "चष्मा," तो म्हणाला. "चष्म्याला काही झालं?" "नाही." "मग चष्मा तुमच्या नशिबाचा आणि लॅपटॉप माझ्या," दुकानदार म्हणाला आणि स्वतःच हसला. मग त्यानं जो आकडा सांगितला त्यात पेन्शनचा मोठा तुकडा गेला असता. शिवाय या मॉडेलला आता कोण हात लावतं, नवीनच घ्या, म्हातारीला तीर्थयात्रा कशाला, असंही वर. लॅपटॉप परत पिशवीत घालताना त्याच्या डोक्यात आपोआपच आलं की हे आपण करू. पैसे वाचतील हे खरं होतं. पण खरं कारण जरा आतलं होतं: भरपाई तरी हातानं करावी, कुणाला न सांगता. न सांगता भरपाई झाली की कबुलीची गरजच उरत नाही असं त्याला वाटत होतं. छापखान्यात एखादी चूक त्याच्या नजरेतून निसटून छापली गेली, की पुढल्या आवृत्तीत तो ती गुपचूप सुधारे. आधीची प्रत ज्यांच्या घरी गेली त्यांचं काय, हा विचार त्यानं कधी केला नव्हता.

पडदा घरी कसा बदलायचा ते फोनवरच्या व्हिडिओत एक तरुण पोरगा हसत हसत दाखवत होता, इतकं सोपं की पोळी उलटावी. दुपारी त्यानं टेबलावर जुनी पांढरी चादर अंथरली. बायको आली आणि उभी राहिली. "ऑपरेशन टेबल लावलंत की," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जरा मीठ आलं होतं. "सर्जन कोण?" "मी." "पेशंटच्या नातेवाइकांच्या सह्या घेतल्यात का?" तिनं खुर्ची ओढली आणि फोनच्या दिव्याचा उजेड बरोबर पाहिजे तिथे धरला, शस्त्रक्रियेच्या खोलीत किती वर्षं उभी राहिलेली बाई. त्यानं आधी खालची बॅटरी सरकवून काढली. पडद्याच्या चौकटीवर चार कोपऱ्यांत रबरी टिकल्या होत्या, त्या पेन्सिलीच्या टोकानं उचलल्या तर खाली स्क्रू. पेन्सिल खिशातून बाहेर आली तेव्हा तिनं पाहिली, आणि नजर पुढे गेली. चौकट सोडवायला प्लास्टिकचं पातळ काही हवं होतं. त्यानं वाचनालयाचं मुदत संपलेलं कार्ड आणलं. कार्डाची कड फटीत घालून फिरवली की चौकट टक, टक करत सुटायची. प्रत्येक टकला त्याचा तळवा आकसत होता. वरच्या बाजूला एक टक जरा वेगळा झाला. आतली एक खुंटी तुटली होती. "चालेल," बायको म्हणाली. "एक टाका कमी." मग काचेचं पान पुढे आडवं झालं आणि त्याच्या पाठीवरची चिठ्ठी दिसली. नवीन पडदा मागवायचा तर त्यावरचा सगळा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळायला हवा, असं तो पोरगा बजावून सांगत होता.

"तू वाच, मी बघतो," तो म्हणाला. छापखान्यात असंच चाले: एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाची, दुसरा मुद्रितावर डोळे ठेवी. घरी त्यांनी असं कधी केलं नव्हतं. तिनं भिंग धरलं आणि ती वाचू लागली, आकडे, अक्षरं, मधली आडवी रेघ. तो फोनवरच्या दुकानातल्या क्रमांकाशी ताडत गेला. तिचा आवाज सपाट आणि स्पष्ट होता, जसा रात्रपाळीची नर्स सकाळच्या नर्सला रुग्ण सोपवताना असतो. "झालं. जुळतंय," तो म्हणाला. "नाही," ती म्हणाली. "शेवटून तिसरं अक्षर मी 'बी' म्हटलं. तुमच्या फोनवर आठ आहे, मला इथून दिसतंय." आठच होता. जन्मभर ज्यासाठी पगार घेतला ते त्याच्या डोळ्यांतून निसटलं होतं, आणि जिला आपलं डोकं निकामी होत चाललं असं वाटत होतं तिनं ते उलट्या बाजूनं पकडलं होतं. "बघ, तुला कुठे काय झालंय!" तो जरा जास्तच जोरात म्हणाला. "अक्काचीही नजर शेवटपर्यंत चांगली होती," ती म्हणाली आणि दिवा बंद केला.

बरोबर क्रमांकाचा पडदा मागवला होता, तो यायला वेळ होता, डॉक्टरांची तारीख जवळ येत होती. एका सकाळी ती भाजी निवडत असताना म्हणाली, "मला पाच वस्तू सांगा. ते लोक असंच करतात. थोड्या वेळानं विचारा." तो खुर्चीत ताठ झाला. "उशी," त्यानं सुरुवात केली. "किल्ली. ताट. घड्याळ." पाचवी वस्तू त्याच्या ओठांवर आयती येऊन बसली होती. ती त्यानं गिळली, आणि दुसरी शोधायच्या आत तिनं "बरं" म्हणून मान खाली घातली होती. पालेभाजीच्या काड्यांचा ढीग झाला. मग त्यानं विचारलं. "उशी, किल्ली, ताट, घड्याळ," ती भरभर म्हणाली आणि थांबली. "पाचवी सांगितलीच नाहीत तुम्ही." तो गप्प. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतली खात्री त्याच्यासमोर पातळ होत गेली. "की सांगितली होतीत? सांगितली होतीत ना?" नाही, हा एवढासा शब्द. तो बोललाही, "नाही गं, मीच विसरलो," पण मधे जी शांतता गेली होती तिचं वजन त्या शब्दापेक्षा जास्त झालं होतं. "माझी समजूत घालू नका," ती म्हणाली. "लहान मूल नाही मी." आत जाऊन ती भाजी धुवू लागली. नळ बराच वेळ चालू राहिला. लाज म्हणजे चेहरा लाल होणं असं त्याला आजवर वाटायचं. तसं काही नव्हतं. ओले मोजे घालून दिवसभर हिंडावं तसं होतं ते. वरून कुणाला दिसत नाही, आणि प्रत्येक पाऊल टाकताना आपल्याला कळतं.

पडदा आला तो जाड पुठ्ठ्यात, फेसाळ कागदात गुंडाळून, नवजात पोरासारखा. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती. त्यानं पुन्हा चादर अंथरली. ती पुन्हा दिवा धरून बसली, पण आज चेष्टा नव्हती. जुन्या काचेमागची चपटी पट्टी त्यानं अलगद सोडवली, नवीन पान जागी धरलं, पट्टीचं टोक खाचेत टेकवलं, बॅटरी लावली, बटण दाबलं. आत पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. त्यानं सगळं काढून पुन्हा लावलं. काळाच. "ते टोक पूर्ण बसलेलं नाही," ती वाकून बघत म्हणाली. "दाबा की." त्यानं बोट टेकवलं. खाचेनं विरोध केला आणि बोट तिथेच थांबलं. "अहो, दाबा. नुसतं टेकवून काय होतंय? अडतंय म्हणजे तिथेच बसायचंय त्याला." तो बोट उचलून तिच्याकडे बघत राहिला. तिला काय माहीत होतं तिनं काय म्हटलं ते. "सरका," ती म्हणाली, आणि तिनं दिवा त्याच्या हातात दिला, दोन्ही अंगठे टोकाच्या दोन बाजूंना ठेवले, सलाईनची सुई जागी बसवावी तसे, आणि एकसारखा भार दिला. टिक् झालं. बटण दाबल्यावर पडद्यावर आधी राखाडी, मग पांढरा उजेड आला. डाग नाही, रेघा नाहीत. वरच्या बाजूला, जिथे खुंटी तुटली होती, तिथे चौकटीत नखाएवढी फट राहिली होती, तेवढीच.

तिनं चष्मा लावला. तिचा मजकूर उघडला, वर सरकवला, खाली सरकवला. "सगळं आहे," ती म्हणाली. तो चादरीवरचे जादा स्क्रू बशीत गोळा करत होता. जादा स्क्रू असायला नको होते, पण होते. आता ती लिहू लागेल, असं त्याला वाटलं. टकटक सुरू होईल आणि ते सगळं त्या आवाजाखाली बुजून जाईल. ती हात मांडीत घेऊन बसली होती. "लिहीत का नाहीस?" "कसं लिहू?" ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "स्वतःच्या हातानं चष्मा आत मिटला आणि मला आठवत नाही. मग हे अक्काचं जे लिहिलंय ते तरी खरं कशावरून? मी आपली मनानंच जुळवत असेन. खिडकीला पडदा होता की नव्हता, कोण सांगणार मला? ती खोली बघितलेलं आहेच कोण आता?" हे ती त्याला विचारत नव्हती. तो त्या खोलीच्या दाराशी कितीतरी वर्षं उभा राहिला होता, आणि त्याला विचारावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. बशीतला स्क्रू त्याच्या बोटांतून सुटून जमिनीवर पडला आणि फ्रिजखाली गेला.

"पडदा नव्हता," तो म्हणाला. "ऊन आधी पायांवर यायचं. हे पाय कुणाचे, असं विचारायच्या अक्का. तू लिहिलंयस तसंच होतं. सगळं तसंच होतं." ती हळूच वळली. "मी लिहिलंय ते तुम्हाला काय माहीत?" आता जीभ उचलावी लागली नाही, शब्द बशीतल्या स्क्रूंसारखे एकेक करून समोर पडले. "त्या दिवशी तू औषधं आणायला गेलीस तेव्हा मी वाचत बसलो होतो. तुझा चष्मा मीच बाजूला ठेवला. आत पेन्सिल होती. माझी." चष्म्यामागे तिचे डोळे मोठे दिसत होते. ती ओरडेल असं त्याला वाटलं, ओरडली तर बरं असं वाटलं. "कुठवर वाचलंत?" तिनं विचारलं. हा प्रश्न त्याच्या हिशेबात नव्हता. त्यानं ते वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं, पेन्सिल कानावर ठेवून दाराशी उभे राहायचे, इथपासून, शेवटच्या शब्दापर्यंत. स्वतःच्या आवाजात ऐकताना त्यात खरंच कुठे चूक नव्हती. "आणि तिथे मिटलंत." "हो." "पेन्सिल आत राहिलेली कळलं नाही?" इथे थांबता आलं असतं. हो म्हटलं असतं तर तिनं मानलंही असतं, पोटुशी पुस्तकं घरभर साक्षीला होती. "अडलं होतं," तो म्हणाला. "मला कळलं होतं अडलेलं. तरी दाबलं."

फ्रिज मधेच थरथरून थांबला, तेव्हा तो इतका वेळ गुणगुणत होता हे ध्यानात आलं. "मी जिने चढउतर करत होते," ती म्हणाली. "कुलूप बघायला. तुम्ही खुर्चीत बसून बघत होतात." "हो." "पाच वस्तू विचारल्या मी तुम्हाला." त्यानं बशीतला एक स्क्रू उचलून पुन्हा बशीत ठेवला. "उद्याची वेळ मोडून टाकू का?" असं त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं तेव्हा तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मी जाणार आहे," ती म्हणाली. "इतके दिवस तुम्ही गप्प बसलात म्हणून माझं डोकं बिघडलं होतं. आता तुम्ही बोललात म्हणून सुधारलं असं मी नाही धरणार. आणि लेकीला तुम्ही सांगायचं. मी नाही. आत्ता." त्यानं फोन उचलला. मुलीनं "बाबा? तुम्ही? फोन?" असं विचारलं, कारण तो कधी करत नसे, आणि त्यानं उभ्यानंच, बायकोच्या समोर, सगळं सांगितलं. पलीकडून मुलगी म्हणाली, "आईला द्या." आईनं मानेनंच नाही म्हटलं. "ती लिहितेय," तो म्हणाला, आणि खरंच ती लिहू लागली होती.

तो स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभा राहिला. टकटक येत होती. थांबत होती, पुन्हा येत होती. त्या वाक्यापुढे काय होतं ते त्यानं वाचलं नव्हतं, आणि आता तिथे काय लिहिलं जात होतं ते तर विचारायचा प्रश्नच नव्हता. त्यानं खिशातून पेन्सिल काढली. तिच्या लाकडावर मधोमध एक चपटा वण पडला होता, इतके दिवस त्याला न दिसलेला. "अहो," बाहेरून हाक आली. तो दाराशी गेला आणि उभा राहिला, आणि आपण कसे उभे आहोत ते त्याला आतून कळलं. "पुढचं वाचायचं राहिलंय तुमचं," ती पाठमोरीच म्हणाली. "पूर्ण झालं की कागदावर छापून देईन. तोवर इथे बसायचं नाही." तो "बरं" म्हणाला. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यानं वाक्य शोधलं. "ते चांगलं आहे," तो म्हणाला. "फार चांगलं आहे." तिची पाठ हलली नाही. हातातली ओळ पुरी करून ती म्हणाली, "हे तुम्ही खोलीत येऊनही म्हणू शकला असतात." कोणत्या खोलीत, ते तिनं सांगितलं नाही.

मग तिनं चष्मा डोळ्यांवरून काढून केसांत खोचला. झाकण मिटायला हात वर नेला आणि मधेच थांबवला. दुसऱ्या हाताचा तळवा तिनं बटणांवरून फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश, कोपरेसुद्धा न सोडता, जसा ती अक्काच्या गादीवरून रोज फिरवी. टोचणारं काही लागलं नाही. त्याला काही दाखवायचं म्हणून तिनं ते केलं नव्हतं. तो दाराशी अजून उभा आहे हे बहुधा तिच्या लक्षातही नव्हतं. झाकण खाली आलं आणि कुठेही न अडता मिटलं.